टाकून देण्याचे धैर्य : जमशेटजी टाटा

आमगावच्या स्थानकावरून जाणाऱ्या लोहमार्गाने पश्चिमेकडे सुमारे दीडशे किलोमीटर गेले की नागपूर येते. तेथील जुम्मा तलावाच्या, म्हणजे आजच्या गांधीसागराच्या परिसरात सव्वाशे वर्षे एका कापड गिरणीचा भोंगा वाजत होता. त्या गिरणीचे नाव एम्प्रेस मिल. तिचे संस्थापक जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे पोलाद, वीज, मुंबईचे ताजमहाल हॉटेल आणि बंगळूरची विज्ञान संस्था उभी राहते. परंतु पोलादाचा कारखाना त्यांनी डोळ्यांनी पाहिला नाही, आणि विज्ञान संस्थाही त्यांच्या मृत्यूनंतर उभी राहिली. त्यांच्या हयातीत, त्यांच्या देखरेखीखाली, वर्षानुवर्षे चाललेला आणि त्यांना खऱ्या अर्थाने घडविणारा उद्योग म्हणजे विदर्भातील ही गिरणी होय.

या गिरणीचा इतिहास वाचताना एक गोष्ट मनात ठसते. जमशेटजींनी नवीन गोष्टी पुष्कळ आणल्या, हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण नवीन आणण्याआधी त्यांना प्रत्येक वेळी जुने काही तरी टाकावे लागले. गिरणी कोठे असावी, ती कोणी चालवावी, कामगार कसा वागवावा, मालकाने मोबदला कशाचा घ्यावा, यांविषयी त्या काळी ठाम समजुती होत्या. त्या समजुतींवर अनेकांनी पैसा मिळविला होता. ज्या कल्पनेने काल फायदा झाला, ती आज टाकून देणे हे व्यवस्थापनातील सर्वांत अवघड काम असते. जमशेटजींच्या चरित्राचा हा पैलू आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

घडण

जमशेटजींचा जन्म 3 मार्च 1839 रोजी गुजरातेतील नवसारी येथे पारशी धर्मोपदेशकांच्या कुळात झाला. वडील नसरवानजी हे त्या घराण्यात व्यापाराकडे वळलेले पहिलेच गृहस्थ. पौरोहित्याची पिढीजात वाट सोडून ते मुंबईस आले. तेव्हा जुने टाकण्याचा धडा जमशेटजींना घरातच मिळाला होता, असे म्हणावयास हरकत नाही. मुलगा किशोरवयात मुंबईस आला, एल्फिन्स्टन विद्यालयात शिकला आणि 1858 साली तेथून बाहेर पडला. वाचनाची गोडी त्याला तेथे लागली ती जन्मभर टिकली.

पुढच्याच वर्षी वडिलांनी त्यांना व्यापारासाठी हाँगकाँगला पाठविले. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. रोज नव्या बँका आणि नव्या कंपन्या निघू लागल्या. टाटांच्या पेढीनेही त्या लाटेत उडी घेतली व तरुण जमशेटजी लंडनला रवाना झाले. 1865 साली युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, आणि जमशेटजींच्या हातातील कागद कवडीमोल ठरले. परक्या शहरात त्यांना धनकोंसमोर उभे राहावे लागले. त्यांनी खरी परिस्थिती न लपविता सांगितली. परिणामी धनकोंचा त्यांच्यावरील विश्वास टिकून राहिला. पुढे 1868 च्या अ‍ॅबिसिनिया मोहिमेला माल पुरविण्याच्या कंत्राटातून घराणे सावरले. त्याच वर्षी जमशेटजींनी 21,000 रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली.

तेजीत सगळे एका दिशेने धावत असतात, म्हणून ती दिशा बरोबर असतेच असे नाही, हे त्यांना वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळले. पुढील आयुष्यात कोणतीही सर्वमान्य समजूत ते तपासल्यावाचून स्वीकारीत नसत. त्याचे मूळ या अनुभवात असावे.

1869 मध्ये त्यांनी मुंबईतील चिंचपोकळीची एक बुडालेली तेलाची गिरणी विकत घेतली, तिचे कापड गिरणीत रूपांतर केले आणि दोन वर्षांनी ती नफ्यात विकली. नंतर ते पुन्हा इंग्लंडला गेले. या खेपेस त्यांनी लँकेशायरच्या गिरण्या बारकाईने पाहिल्या आणि परत आले ते मोठी गिरणी काढण्याच्या निश्चयानेच.

गिरणी म्हणजे मुंबई?

त्या काळी कापड गिरणी म्हणजे मुंबई, हे समीकरण पक्के झाले होते. बंदर तेथे, भांडवल तेथे, यंत्रे उतरावयाची तेथे आणि गिरणीचे काम जाणणारे लोकही तेथेच. जमशेटजींनी मात्र प्रश्न उलट बाजूने विचारला. कापूस कोठे पिकतो? कोळसा कोठे मिळतो? कापड कोठे खपते? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मध्य हिंदुस्थानकडे बोट दाखवीत होती. वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या जमिनीत कापूस होता, वरोऱ्याला कोळशाच्या खाणी निघाल्या होत्या, आणि 1867 सालीच रेल्वे नागपुरापर्यंत पोहोचली होती.

1874 साली पंधरा लाखांच्या भागभांडवलावर सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. नागपुरात जुम्मा तलावाजवळ दलदलीची जागा मिळाली. ती भरून काढण्यातच बराच खर्च होणार होता. एका सावकाराने या कामी पैसा देण्याचे साफ नाकारले. चिखलात सोने पुरणाऱ्या माणसाला आपण कर्ज देणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. गिरणीचा नफा पाहिल्यावर त्याच सावकाराने कबूल केले, की टाटांनी जमिनीत माती घातली आणि सोने काढले. 1 जानेवारी 1877 रोजी, म्हणजे दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली व तिला एम्प्रेस हे नाव मिळाले. आरंभी तीस हजारांच्या आसपास चात्या आणि 450 माग होते.

गिरणी कोणी चालवावी?

दुसरी पक्की समजूत अशी, की गिरणीचा व्यवस्थापक म्हणजे यंत्रे जाणणारा माणूस, आणि तोही शक्यतो लँकेशायरचा. जमशेटजींनी व्यवस्थापक नेमले ते बेझनजी दादाभाई मेहता यांना. हे गृहस्थ जी. आय. पी. रेल्वेत मालवाहतुकीच्या खात्यात होते. सूत कसे काततात याची त्यांना माहिती नव्हती. मुंबईच्या गिरणीवाल्यांना ही निवड विचित्र वाटली असल्यास नवल नाही.

पण जमशेटजींनी दोन कामे वेगळी ओळखली होती. यंत्रे नीट चालविणे हे एक काम. त्यासाठी त्यांनी जेम्स ब्रुक्सबी या लँकेशायरच्या जाणकाराला आणले. माणसांना एकत्र आणून त्यांच्याकडून काम घेणे, हिशेब ठेवणे, माल वेळेवर आणणे-पाठविणे हे दुसरे काम. रेल्वेच्या मालधक्क्यावर ज्याने शेकडो माणसांची आणि हजारो गाठींची व्यवस्था लावली, त्याला हे दुसरे काम येत होते. सूत त्याला नंतर समजणार होते, आणि ते समजलेही. बेझनजींनी अनेक वर्षे ही गिरणी सांभाळली व एम्प्रेस मिलच्या यशात त्यांचा वाटा फार मोठा होता.

आज व्यवस्थापन हे स्वतंत्र शास्त्र म्हणून शिकविले जाते, म्हणून आपल्याला ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी मात्र व्यवस्थापन हे वेगळे कौशल्य आहे, हीच कल्पना आपल्याकडे रुजलेली नव्हती.

यंत्रांचा धडा

जमशेटजींचे प्रत्येक पाऊल अचूक पडले असे मात्र नाही. आरंभीच्या यंत्रांत काटकसर करण्याचा मोह त्यांना आवरला नाही. हलक्या प्रतीची यंत्रे आणली गेली. उत्पादन कमी, सूत निकृष्ट, लाभांश तुटपुंजा असा पहिला काळ गेला. स्वस्त यंत्र शेवटी महाग पडते हे ध्यानात येताच त्यांनी ते धोरण सोडले. एकदा घातलेला पैसा वाया जाऊ नये म्हणून तेच यंत्र रेटीत राहण्याचा मोह पुष्कळ संस्थांना बुडवितो. जमशेटजींनी तो टाळला.

या संदर्भात रिंग चातीची हकीकत विशेष बोलकी आहे. त्या काळी थ्रॉसल आणि म्यूल या दोन प्रकारच्या यंत्रांवर सूत कातले जाई. रिंग ही नवी पद्धत अमेरिकेत रुळत होती. पण लँकेशायरच्या मातब्बर कारखानदारांचा तिच्यावर विश्वास नव्हता. नेमके त्याच लँकेशायरकडून हिंदी गिरण्या यंत्रे आणि विचार दोन्ही घेत असत. गुरूलाच शंका असेल तर शिष्याने धाडस का करावे, असा सर्वसाधारण सूर होता. जमशेटजींनी कोणाशी वाद घातला नाही. ब्रुक्सबींच्या मदतीने दोन रिंग यंत्रे मागवून ती एम्प्रेस मिलमध्ये लावून पाहिली. जुन्या यंत्रांच्या शेजारी नवी यंत्रे चालू लागली, आणि कोणत्या चातीवर किती सूत निघते हे रोजच्या रोज दिसू लागले. चाचणी पुरी झाल्यावरच जुन्या चात्या हटविण्यास सुरुवात झाली. सावध लँकेशायरच्या आधी नागपूरच्या गिरणीने रिंग चाती आपलीशी केली.

या पद्धतीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. जुने टाकावयाचे म्हणून त्यांनी एका रात्रीत फर्मान काढले नाही. नव्याला छोटी जागा दिली, मोजमाप ठेवले आणि ज्यांना शंका होती त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू दिले. मोजमाप समोर असले की अधिकारी आणि कामगार यांपैकी कोणालाच कमीपणा न वाटता मत बदलता येते.

हजेरीपट काय सांगतो?

यंत्रांपेक्षा माणसांविषयीच्या समजुती चिवट असतात. एम्प्रेस मिलपुढचा सर्वांत मोठा प्रश्न खाड्यांचा होता. नागपूरचे लोक गिरणीच्या शिस्तीला सरावलेले नव्हते. सण, लग्न, शेतीचा हंगाम, यात्रा, आजारपण, कशानेही माणूस कामावर येईनासा होई. आठवड्याच्या खर्चापुरते पैसे हाती आले की पुढचे दिवस तो घरी राही. येथील माणूस मुळातच आळशी, त्याला दंडाचा धाक हवा, हे यावरचे ठरीव उत्तर होते. मालकवर्गात ते मत सर्वत्र प्रचलित होते आणि आजही ते पुरते गेलेले नाही.

एक गोष्ट येथे प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. हिंदुस्थानातील कामगार चळवळीच्या इतिहासात ज्या पहिल्या संपाची नोंद सापडते, तो 1877 साली याच एम्प्रेस मिलमध्ये मजुरीच्या दरावरून झाला. म्हणजे गिरणीच्या जन्माच्या वर्षीच कामगारांनी आपले म्हणणे काम बंद करून सांगितले. ही गिरणी आरंभापासून सुखी कुटुंब होती, असे चित्र रंगविणे सत्याला धरून होणार नाही.

तथापि पुढील वर्षांत गिरणीने जे केले ते त्या काळच्या मानाने असामान्य होते. दंडावर भिस्त ठेवण्याऐवजी माणसाला गिरणीत राहावेसे का वाटत नाही, या प्रश्नाकडे लक्ष वळविले गेले. कोंदट हवा हे एक कारण होते. विदर्भाच्या उन्हाळ्यात गिरणीच्या आत काय होत असेल हे आपण सहज समजू शकतो. हवा खेळती ठेवण्याची सोय झाली, हवेत ओलावा राखणारी यंत्रे बसली, आग विझविणारे तुषार-नळ आले, पिण्यासाठी गाळलेल्या पाण्याची व्यवस्था झाली. ओलाव्यामुळे सुताचे तुटणेही कमी होते. तेव्हा माणसाचे आणि मालाचे हित येथे एकच ठरले. नियमित हजर राहणाऱ्यांसाठी बक्षिसे सुरू झाली. वार्षिक समारंभात सर्वांसमक्ष चांदी-सोन्याची कडी, घड्याळे, कापड व रोख रकमा दिल्या जात. कामगारांसाठी खेळांचे सामनेही भरत.

याहून महत्त्वाचे पाऊल म्हणजे भविष्याची हमी. 1886 साली एम्प्रेस मिलमध्ये निवृत्तिवेतनासाठी निधी सुरू झाला. 1895 मध्ये अपघातात जायबंदी झालेल्यांसाठी भरपाईची व्यवस्था झाली. 1901 मध्ये भविष्य निर्वाह निधी आला. या वर्षांचे मोल कळण्यासाठी देशातील कायद्यांची वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 सालचा, आणि भविष्य निर्वाह निधीचा कायदा स्वतंत्र भारतातला, 1952 सालचा. जी गोष्ट कायद्याने पुढे सक्तीची केली, ती या गिरणीत कितीतरी वर्षे आधी कोणाच्या सक्तीविना सुरू झाली होती.

यात निव्वळ भूतदया होती असे समजणे जमशेटजींवर अन्याय करणारे ठरेल. त्यांनी हे गिरणीच्या हितासाठी केले. रोज बदलणाऱ्या, न शिकलेल्या हातांनी चांगले सूत निघत नाही. माणूस टिकला तर कसब टिकते, हे त्यांना उमगले होते. खाडा हा स्वभावाचा दोष आहे असे मानले की दंड हाच उपाय उरतो. खाडा हे परिस्थितीचे लक्षण आहे असे मानले की परिस्थिती बदलता येते. गिरणीतला सर्वांत मोठा बदल हा होता, आणि तो कोणत्याही यंत्रात झालेला नव्हता.

स्वतःच्या मोबदल्याला हात

दुसऱ्यांच्या जुन्या कल्पना मोडणे एक वेळ सोपे. ज्या कल्पनेमुळे आपल्या खिशात पैसे येतात ती मोडणे फार कठीण. जमशेटजींची खरी कसोटी येथे लागली.

त्या वेळी गिरण्या मॅनेजिंग एजंटांच्या पेढ्या चालवीत. भागधारक पैसा घालीत, कारभार एजंट करी. एजंटाचा मोबदला मुंबईत बहुधा तयार होणाऱ्या मालाच्या वजनावर ठरे. दर पौंड सुतामागे पाव आणा असा रिवाज पडला होता. आरंभी यात वावगे वाटले नसेल, कारण गिरणी उभी करून चालती ठेवणे हेच मोठे काम होते. पण कालांतराने या रिवाजाचे दुष्परिणाम दिसू लागले. सूत विकले जावो वा गोदामात पडो, गिरणीला नफा होवो वा तोटा, एजंटाचे कमिशन चालूच राही. साहजिकच उत्पादन वाढविण्याकडे लक्ष आणि गुणवत्तेकडे दुर्लक्ष होई. भागधारक बुडत आणि एजंट तरत.

1886 साली जमशेटजींनी कुर्ल्याची धरमसी मिल साडेबारा लाखांना विकत घेतली. ती उभारताना पन्नास लाखांहून अधिक खर्च झाला होता. सौदा स्वस्तात पडला असे वाटले, परंतु यंत्रे मोडकळीस आलेली आणि इमारत गैरसोयीची होती. या गिरणीसाठी नवी कंपनी काढून तिला त्यांनी स्वदेशी हे नाव दिले. वंगभंगाची स्वदेशी चळवळ अद्याप जवळजवळ वीस वर्षे दूर होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. या कंपनीत टाटांच्या पेढीने आपला मोबदला उत्पादनाच्या वजनावर न घेता नफ्यावर घेण्याचे ठरविले. नफा नसेल तर एजंटालाही काही नाही, अशी ही व्यवस्था होती. अशी सुरुवात करणारे ते पहिले म्हणून ओळखले जातात.

हा निर्णय कागदावर सुंदर दिसतो. प्रत्यक्षात पुढची काही वर्षे नफा दिसेना. गिरणी रखडली, माल नापसंत होऊन परत येऊ लागला, भागांची किंमत घसरली, टाटांचे नाव धोक्यात आले. नागपूरहून अनुभवी माणसे कुर्ल्याला पाठविण्यात आली. बँकेने कर्ज नाकारले तेव्हा जमशेटजींनी कुटुंबासाठी करून ठेवलेला विश्वस्तनिधी मोडला आणि एम्प्रेस मिलमधील आपले काही भाग विकून पैसा उभा केला. अखेर स्वदेशी मिल सावरली, आणि तिच्या मालाला चीनसारख्या दूरच्या बाजारातही नाव मिळाले. वजनावर कमिशन घेण्याचा जुना रिवाज त्यांनी चालू ठेवला असता तर या वर्षांत पेढीला पैशाची चणचण कमी भासली असती. पण गिरणीचे दुखणे आणि चालकाचे दुखणे एकच असावे, हा त्यांचा आग्रह होता. म्हणूनच गिरणी वाचविण्याची निकड त्यांना इतक्या तीव्रतेने जाणवली.

जे सुटले नाही

गुणगौरव करताना काळाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्या काळच्या गिरण्यांत लहान मुले काम करीत. 1881 च्या पहिल्या कारखाना कायद्याने फक्त सात वर्षांखालील मुलांना मनाई केली. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवर 1911 पर्यंत कायद्याची मर्यादाच नव्हती. आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांना गिरणी कामगारांच्या सभा भरवाव्या लागल्या. 1890 साली मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती त्या रेट्यामुळे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना विणकाम खात्याचे दार बंद होते, आणि 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तो प्रश्न उभा करावा लागला. म्हणजे यंत्रे बदलणारा, नवी बाजारपेठ शोधणारा सबंध उद्योग जातीची जुनी कल्पना मात्र छातीशी धरून बसला होता.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दूरदृष्टीचा चालक काही जुन्या कल्पना स्वतः ओळखतो. पण काही कल्पना चालकाच्या खुर्चीतून दिसतच नाहीत. त्या दाखविण्यासाठी खालून आवाज उठावा लागतो. 1877 चा संप आणि लोखंड्यांच्या सभा हाही व्यवस्थापन शिकविण्याचाच एक मार्ग होता.

चांदा, दुर्ग आणि पुढे

पोलादाच्या कथेतही आपला हा प्रदेश येतो. 1882 साली चांदा भागातील लोहखनिजाविषयीचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला आणि तेव्हापासून पोलादाचा ध्यास त्यांनी घेतला. त्या वेळचे खाण नियम जाचक होते, म्हणून विचार बाजूला पडला. पण तो त्यांनी सोडला नाही. कर्झनच्या काळात नियम सैल झाल्यावर, वयाच्या साठीत, त्यांनी तो पुन्हा हाती घेतला. 1902 साली ते अमेरिकेला गेले व तेथील तज्ज्ञांना भेटले. त्यांचे पुत्र दोराबजी आणि भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड यांनी चांद्याचे रान पालथे घातले. खनिज होते, पण मोठ्या कारखान्याला पुरेल असे नव्हते. वीस वर्षे जपलेले चांद्याचे स्वप्न सोडावे लागले.

ते सोडल्याचे सरकारला कळविण्यासाठी दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले असता, वाट पाहण्याच्या वेळात समोरच्या संग्रहालयात शिरले. तेथे मध्य प्रांताचा रंगीत भूस्तरीय नकाशा लावलेला होता, आणि त्यावर दुर्ग भागात लोहखनिजाच्या खुणा होत्या. आमगावहून डोंगरगड, राजनांदगावमार्गे आपण ज्या दुर्गला जातो त्याच मुलखातील ढल्ली-राजहराच्या टेकड्या या. खनिज उत्तम निघाले. परंतु योग्य कोळसा आणि पाणी यांचा मेळ बसेना. दरम्यान भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजच्या खनिजाची माहिती कळविली आणि अखेर कारखाना पूर्वेकडे साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला गेला. ढल्ली-राजहराचे खनिज पुढे भिलाईच्या सरकारी कारखान्याच्या उपयोगी पडले. आवडती जागा सोडून पुराव्यामागे जाण्याची जमशेटजींची शिस्त त्यांच्या मुलानेही पाळली.

जमशेटजी हे सारे पाहावयास राहिले नाहीत. 19 मे 1904 रोजी जर्मनीतील नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले. पोलाद कंपनी 1907 साली निघाली. मृत्यूपूर्वी दोन वर्षे त्यांनी मुलाला पत्र लिहून सांगितले होते, की कामगारांच्या गावात रुंद रस्ते असावेत, लवकर वाढणारी सावलीची झाडे असावीत, खेळांची मैदाने असावीत आणि सर्व धर्मांच्या प्रार्थनास्थळांना जागा असावी. 1912 साली या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू झाला. नागपूरच्या हजेरीपटातून मिळालेला धडाच तेथे मोठ्या अक्षरांत गिरविला गेला.

उपसंहार

एम्प्रेस मिलचा शेवट मात्र सुखाचा झाला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशातील जुन्या कापड गिरण्यांना जी घरघर लागली, तिच्यातून ही गिरणीही सुटली नाही. 1986 मध्ये मूळ कंपनी बंद पडली. राज्य शासनाच्या वस्त्रोद्योग महामंडळाने ती काही वर्षे चालविली आणि 2002 साली ती कायमची बंद झाली. हजारो कुटुंबांची चूल जिच्यावर पेटत होती त्या गिरणीच्या जागेवर आता एम्प्रेस हेच नाव मिरविणारे एक व्यापारी संकुल उभे आहे. जिने रिंग चाती लँकेशायरच्या आधी स्वीकारली, ती गिरणीही अखेर काळाच्या मागे पडली. संस्थापकाची दृष्टी वारसाहक्काने मिळत नाही. जुने तपासून पाहण्याचे काम दर पिढीला नव्याने करावे लागते.

आपल्यापैकी फार थोडे जण गिरण्या काढतील. पण कोणी शाळा चालवील, कोणी सहकारी संस्थेचा चिटणीस होईल, कोणी भात गिरणीचा किंवा तेंदूपानाच्या फळीचा हिशेब सांभाळील, कोणी सरकारी कचेरीत अधिकारी म्हणून बसेल. तेथे पहिल्याच दिवशी जुनी मंडळी सांगतील, की इथे असेच चालते, इथली माणसे कामचुकार आहेत, यांना धाकातच ठेवावे लागते. त्या वेळी वाद घालण्याची गरज नाही आणि मान डोलावण्याचीही नाही. हजेरीपट उघडावा, माणसे कोणत्या दिवशी येत नाहीत ते पाहावे, आणि का येत नाहीत हे त्यांनाच विचारावे. जुम्मा तलावाकाठच्या गिरणीत बदलाची सुरुवात तेथूनच झाली होती.